चिरांगचे पाठकोरे नकाशे

बाबा,

वर तीर्थरूप नाही, साष्टांग नमस्कार नाही. तुम्ही असतात तर मायना नाही म्हणून पत्र तिथेच घडी घालून ठेवलं असतंत. पण तुम्ही नाही, आणि मी चिडलेली आहे. माणूस जाऊन सतरा वर्षं झाल्यावर त्याच्यावर चिडायचं म्हणजे वरातीमागून घोडं, हे मला कळतं. तरी चिडले आहे. मागच्या महिन्यात तीन आठवडे इथे, कॅनडात सस्काटूनमधल्या घराच्या बेसमेंटमध्ये बसून, मी तुमची भूतानची पत्रं वाचत होते. तीन वर्षांची पत्रं, दर रविवारी एक, हिवाळ्याची सुट्टी वजा जाता सव्वाशेच्या आसपास. सगळी वाचली, काही दोनदा वाचली. त्यांत तोर्सा आहे, वांगचू आहे, संकोश आहे, मानस आहे. कोणती नदी कुठे उगम पावते आणि डोंगराच्या कुठल्या द्वारातून खाली मैदानात उतरते, ते आहे. खिंडींच्या उंच्या आहेत, महिन्याचा पाऊस आहे, बर्फाची रेषा कुठवर उतरली ते आहे. माणूस नाही. सव्वाशे पत्रांत एका माणसाचं नाव तुम्हाला लिहिता आलं नाही, बाबा?

मी नाव का शोधत होते ते सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात होते. नंतर तुमच्या जावयांना इथल्या पोटॅशच्या खाणीत इंजिनिअरची नोकरी मिळाली, त्याला आता बारा वर्षं झाली. हा प्रांत तुम्हाला आवडला नसता. डोंगर सोडाच, धड उंचवटा नाही. चारही सीमा फूटपट्टीने आखलेल्या, सीमेवर ना नदी ना पर्वतरांग. समुद्राचं तर नाव नको. 'याचा नकाशा काढायला अक्कल कशाला लागते,' असं म्हणाला असतात. माझं भूगोलातलं एम.ए. आणि बी.एड. इथे कुणी विचारलं नाही. दोन-तीन वर्षं अप्लाय करत राहिले, मग नाद सोडला. आता एका कम्युनिटी सेंटरमध्ये सकाळी नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवते. बसचा रस्ता कसा विचारायचा, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, फॉर्म कसा भरायचा, असलं इंग्रजी. दोन वर्षांपूर्वी त्या वर्गात भूतानहून आलेली कुटुंबं बसायला लागली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कॅनडाच्या या सपाट कोपऱ्यात भूतान! पहिल्याच दिवशी फळ्यावर मी न बघता त्या देशाचा नकाशा काढला, तुमच्या पद्धतीने, आधी चार नद्या, मग त्यांच्याभोवती देश. वर तिबेट, बाकी तिन्ही बाजूंना भारत. म्हटलं, माझे वडील तुमच्या देशात शिकवायला होते. भूवेष्टित, डोंगराळ, सुंदर, शांत देश. तुमचंच वाक्य, तोंडपाठ. वर्गात कुणी हसलं नाही. एका बाईने मान खाली घातली. पुढे हळूहळू कळलं. ही माणसं दक्षिण भूतानची, घरात नेपाळी बोलणारी, पिढ्यानपिढ्या तिथली. वीसेक वर्षांपूर्वी त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही इथले नाही. स्वखुशीने जातो असं लिहून घेतलं आणि पाठवून दिलं. मग नेपाळात बांबूच्या झोपड्यांच्या छावण्या, तिथे अठरा वर्षं, आणि तिथून थेट इथे, उणे तीस अंशांत. मला यातलं काही माहीत नव्हतं. डोळे मिटून भूतान काढून दाखवणाऱ्या भूगोल मास्तरांच्या मुलीला काही माहीत नव्हतं! घरी येऊन मी तुमची पत्रं काढली, दक्षिणेबद्दल काय लिहिलंय ते बघायला. लिहिलंय: 'दक्षिणेकडील पट्टा उष्ण व दमट असून घनदाट अरण्याने व्यापलेला आहे. लोकवस्ती विरळ.' बाबा, तुम्ही हे चिरांगमध्ये बसून लिहीत होतात. चिरांग दक्षिणेतच येतं. समोरच्या बाकांवर त्या विरळ लोकवस्तीची तीस पोरं बसली होती, आणि तुम्ही पाठ्यपुस्तकातलं वाक्य उतरवून मला पाठवलंत.

त्या वर्गात एक माणूस होता, चाळिशीचा, संध्याकाळी एका ऑफिसच्या इमारतीत साफसफाई करायचा. फार बोलायचा नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत कॉफीचा कप घेऊन माझ्याजवळ आला आणि हिंदीत म्हणाला, "मिस, आपके पिताजी कौन से जिले में थे?"

"चिरांग," मी म्हटलं.

त्याने कप टेबलावर ठेवला. "हमारे स्कूल में महाराष्ट्र के एक सर थे. ज्योग्राफी के. धूप में भी छाता लेकर चलते थे. खाना अपने हाथ से बनाते थे, हॉस्टल के लड़के हँसते थे, सर की रोटी का कोई आकार नहीं होता था."

छत्री ऐकली तेव्हाच मला कळलं. पण पोळ्या? तुम्ही? आपल्या घरात तुम्ही पाण्याचा तांब्या कधी स्वतः भरून घेतला नाहीत. आई दर पत्रात विचारायची, जेवणाचं काय करता, कोण रांधतं. ती ओट्याशी उभी राहून सांगायची आणि मी पाटावर बसून लिहायचे, 'आई विचारते आहे की तुमच्या जेवणाची सोय काय.' तुमचं उत्तर यायचं, 'येथे मका व भात ही मुख्य पिके होत.' आई ते ऐकून म्हणायची, "बरं. मका तर मका." आणि फोडणीकडे वळायची. एकदा मात्र तिने पळी आपटली होती. म्हणाली, "त्यांना लिही, पिकं नकोत, पान काय वाढलेलं असतं ते लिहा." ते मी लिहिलं नाही, तुम्ही रागवाल म्हणून. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तुमच्या पोळ्यांना आकार नसायचा, हे ती हयात असताना मला कळलं असतं तर तिला केवढं हसू आलं असतं. ते मला कळावं कुणाकडून, तर सस्काटूनमधल्या एका परक्या माणसाकडून.

हा माणूस तेव्हा तिसरीत होता, त्याला तुम्ही शिकवलं नाहीत. त्याचा मोठा भाऊ तुमच्या सातवीच्या वर्गात होता. हुशार, चित्रं काढणारा, आईचा लाडका. देश सोडला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. छावणीत पहिल्याच वर्षी तापाने गेला. घर सोडताना जमिनीचे कागद, शाळेचे दाखले, होता तो एकुलता एक फोटो, सगळं मागे राहिलं किंवा काढून घेतलं गेलं. आता आई ऐंशीच्या घरात आहे. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याबद्दल डॉक्टर फार काही बोलत नाहीत. आणि इथे आल्यापासून तिने एकच धोशा लावला होता. तो मला म्हणाला, "माँ बोलती है, कनाडा में सबका कागज़ है. मेरा है, बहू का है, बच्चों का है, माँ का अपना भी है. मेरे बड़े का एक भी नहीं. दीदी, आपके पिताजी घर चिट्ठी लिखते होंगे न? उसमें कहीं उसका नाम होगा. एक जगह भी हो तो चलेगा. माँ को अभी थोड़ा दिखता है."

वर्गात मिस, आणि हे बोलताना दीदी. मी म्हटलं, शोधते, असेलच. हे म्हणायला माझं काय जात होतं. सव्वाशे पत्रं आहेत, एखाद्या हुशार मुलाचं नाव कसं नसेल?

नाही. म्हणून तर हा राग. पहिल्या आठवड्यात मी आशेने वाचत होते, दुसऱ्यात जिद्दीने, तिसऱ्यात दात-ओठ खात. 'आज वर्गात' असं एक वाक्य सुरू होतं तिथे मी नाव उतरवायला पेन उचललं, पुढे काय, तर 'आज वर्गात तापमापीची नोंद सहा अंश होती.' एका पत्रात 'सोबतीस एकजण होता' असं आहे, खिंडीतून जातानाचं. एकजण! त्याला नाव नव्हतं? तुम्हाला गावातल्या शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं बापाच्या नावासकट पाठ असायची, रस्त्यात हाक मारायचात. मग तिथे काय झालं होतं? की पत्रात फक्त परीक्षेत येईल तेवढंच लिहायचं, असा काही नियम होता तुमचा? शेवटी मी त्याला फोन करून सांगितलं, पत्रांत काही नाही. तो म्हणाला, "कोई बात नहीं दीदी. इतने बच्चे थे." त्याने तुमची बाजू घेतली, याने मला आणखीच वाईट वाटलं.

पत्रांखेरीज नकाशे होते. ते वेगळ्या पाकिटातून यायचे, महिन्याला एक. मी पाचवीत होते तेव्हा पहिला आला. जलरंगांतले तपकिरी डोंगर, हिरव्या दऱ्या, निळ्या नद्या, खाली दिशा, प्रमाण, सूची, सगळं तुमच्या त्या बारीक अक्षरात. मला नकाशात सगळ्यात आवडायचं ते किनाऱ्याकिनाऱ्याने निळ्या पेन्सिलीचा भुगा कापसाने घासून समुद्र करणं. मी तुम्हाला लिहिलं, बाबा, समुद्र कुठे रंगवू? तुमचं उत्तर आलं, या देशाला समुद्र नाही, निळी पेन्सिल नद्यांपुरती वापर. तो नकाशा मी मोठ्या ऐटीत शाळेत नेला आणि एका मैत्रिणीने तो उलटा करून बघितला. मागे कुणाची तरी इंग्रजी उत्तरपत्रिका होती, तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणांसकट. ती म्हणाली, "तुझे बाबा रद्दीवर नकाशा काढतात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरात नवा कागद कधी वापरला जायचाच नाही. लग्नपत्रिकांच्या मागे वाणसामान, कॅलेंडरच्या मागे माझी गणितं, आणि परीक्षा झाली की जुन्या उत्तरपत्रिका कापून त्यांचे पाठकोरे गठ्ठे शिवून ठेवलेले. तुमच्या दृष्टीने पाठकोरा कागद फेकणं म्हणजे पानात भात टाकून उठणं. भूतानला जाऊनही तुम्ही तेच केलंत. घरी येऊन मी आईकडे खळ मागितली. तिने कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली आणि मी ते सगळे नकाशे, आलेले आणि पुढे येत गेले ते, एका जाड चिकटवहीत नुसत्या कडांनी नव्हे तर पुरते, गच्च चिकटवले. मागची बाजू पुन्हा कुणाला दिसू नये म्हणून.

आणि ती सुट्टी. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात तुम्ही आलात ते संत्र्यांचं पोतं घेऊन. पाच दिवसांचा प्रवास, निम्मी संत्री वाटेत सडलेली, तरी घरभर वास. "एका मुलाच्या घरची आहेत," तुम्ही म्हणालात. एका मुलाच्या. मी आणि आई सोलून सोलून खात बसलो आणि मी हौसेने चिकटवही दाखवायला आणली. चिरांगच्या नकाशात, जिथे तुमची शाळा असेल असं मला वाटलं तिथे, मी एक घर काढलं होतं आणि दारात चष्मा घातलेला एक माणूस. तुम्ही खिशातून लाल पेन्सिल काढलीत. सुट्टीतही ती खिशात असायची! घरावरून एक आडवी रेघ मारलीत, माणसावरून दुसरी. "नकाशात घरं आणि माणसं काढायची नसतात. हे चित्र नव्हे." आणि खाली लिहिलंत, उणे दोन. माझ्या तोंडात संत्र्याची फोड होती, ती मी काढून सालीवर ठेवली. आई म्हणाली, "अहो, पोरीने तुम्हालाच काढलंय." तुम्ही म्हणालात, "म्हणून काय नियम बदलतो?"

इतकं सगळं आठवत होतं, बाबा, नकाशांच्या मागे काय आहे तेही माहीत होतं, तरी तीन आठवडे मी पत्रंच उलथीपालथी करत बसले. मागची बाजू लपवायचं काम मी इतकं चोख केलं होतं की माझ्यापासूनही ती लपली. ते माझ्या लक्षात आलं नाही, त्या म्हातारीच्या आलं.

पत्रांत नाव नाही म्हणून निदान चिरांगचा नकाशा तरी दाखवावा, म्हणून एका शनिवारी दुपारी मी चिकटवही घेऊन त्यांच्या अपार्टमेंटमध्ये गेले. शहराच्या पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. म्हातारी खिडकीशी बसलेली. बाहेर पार्किंग लॉट, त्यापुढे रस्ता, त्यापुढे बर्फ आणि आभाळ. मुलगा हसून म्हणाला, "माँ रोज़ पूछती है, ऊपर जाने का रास्ता किधर है. मैं बोलता हूँ, माँ, यहाँ ऊपर है ही नहीं." मी वही तिच्या मांडीवर ठेवली, संकोश दाखवली, चिरांग दाखवलं. तिला नकाशाशी काही देणंघेणं नव्हतं. तिने पानावरून तळवा फिरवला, मग ते पान वहीपासून उचलून चांगल्या डोळ्यापाशी नेलं, आणि जास्त उजेड पडावा म्हणून खिडकीकडे धरलं. हिवाळ्यातलं इथलं ऊन खालून, आडवं येतं. ते पानातून आरपार आलं. मुलगा पुढे वाकला. तुमच्या तपकिरी डोंगरांतून आडव्या ओळी दिसत होत्या, इंग्रजी, उलट्या, पोराच्या अक्षरातल्या.

"दीदी, पीछे कुछ लिखा है," तो म्हणाला.

मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. वही उचलली आणि घरी आले.

तुमचे जावई म्हणाले, "आधी स्कॅन करून घे, मग काय भिजवायचं ते भिजव." म्हणून सगळे नकाशे स्कॅन केले आणि मग स्वयंपाकघरात बेकिंगचा मोठा ट्रे घेऊन, कोमट पाण्यात एकेक पान ठेवत गेले. आईची खळ तीस वर्षांनीही सोडायला तयार नव्हती. नखाने, बटर नाइफने, श्वास रोखून कड सोडवायची. तुमची काळी शाई टिकली, रंग मात्र गेले. हिरव्या दऱ्या आणि तपकिरी डोंगर एक झाले आणि ट्रेमध्ये पाणी गढूळ झालं. एवढी वर्षं जपलेली, तुमच्या हाताने रंगवलेली एकुलती एक गोष्ट मी आपल्या हाताने धुऊन काढत होते, आणि खरं सांगायचं तर दर पानागणिक हात भराभर चालायला लागला. कागदाच्या मागून एकेक पोरगा वर येत होता. गिव्ह जिऑग्राफिकल रीझन्स. एकाने लिहिलं होतं, उत्तरेत लोक कमी राहतात कारण तिथे आई नाही. त्याला तुम्ही शून्य दिलंत. पण रेघ मारली नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. सात कागदांवर पूर्ण नावं मिळाली, रोल नंबरासकट. त्यांत मला हवं होतं ते नाव नव्हतं. बाकीच्यांची वरची पट्टी तुम्ही पाकिटात मावावं म्हणून कापलेली. नाव वरच असतं ना, बाबा! तुम्हाला खालून कापता आलं नाही?

अकराव्या कागदावर उत्तर नव्हतं, नकाशा होता. आपल्या जिल्ह्याचा कच्चा नकाशा काढून नदी व रस्ता दाखवा. वरची पट्टी अर्थातच कापलेली. नदी नीट होती, रस्ता नीट होता, बाण काढून उत्तर दिशा दाखवली होती. आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला एक घर. शेजारी गोल फळांनी लगडलेलं झाड. घराला दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांपाशी पाठीवर डोको घेतलेली एक बाई, त्या बांबूच्या टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेली. घरावरून तुमची लाल रेघ. बाईवरून दुसरी. खाली इंग्रजीत, नकाशात घरे व माणसे दाखवत नाहीत. मायनस टू.

मी तो ओला कागद टॉवेलवर पसरून ओट्याला टेकून उभी राहिले आणि तुम्हाला मोठ्याने बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. जावई वरून खाली आले बघायला.

नाव नसलेला कागद घेऊन जावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. हा तोच मुलगा कशावरून? त्या डोंगरात घराघरासमोर संत्र्याचं झाड असेल आणि प्रत्येकीच्या पाठीवर डोको. खोटी आशा दाखवणं वाईट, आणि न दाखवणं त्याहून वाईट. शेवटी कागद प्लास्टिकच्या कव्हरात घातला आणि गेले. जाताना मुलाला जिन्यातच सांगून ठेवलं, नाव नाही, नक्की काही सांगता येत नाही. त्याने मान डोलावली.

म्हातारीने कागद डोळ्याला लावला. मग तिचं बोट पायऱ्यांवर आलं आणि तिथेच थांबलं. मी तो कागद दहादा बघितला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. पायऱ्या पाच होत्या, आणि तिसरी अर्धीच काढली होती. ती नेपाळीत काहीतरी म्हणाली, मग पुन्हा तेच म्हणाली. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला.

"तीसरी सीढ़ी टूटी हुई थी," तो म्हणाला. "बाप हर साल बोलता था, बनाएँगे. माँ बोल रही है, मैं इसी पर गिरी थी, इसी ने मुझे उठाया था." मग म्हणाला, "बोल रही है, ये मैं हूँ."

ती बाई पाठीवरच्या टोपलीसकट तिथे होती, तुमच्या लाल रेघेच्या खाली. मुलाने नकाशात काढू नये ते काढलं, म्हणून तो सापडला. नियम पाळला असता तर एक नदी आणि एक रस्ता उरला असता, आणि तसे नकाशे तुमच्याकडे तीस होते.

मग तिने लाल अक्षरांवर बोट ठेवून विचारलं. काय विचारलं ते मला भाषांतराशिवाय कळलं. मुलगा कागदावर वाकला आणि वाचायला लागला, ओठ हलवत, एकेक शब्द लावत, मीच शिकवलं होतं तसं. मला दिसत होतं, त्याला अर्थ लागतो आहे. त्याने वर माझ्याकडे बघितलं. मी घाईने हिंदीत म्हटलं, "सर ने लिखा है, शाबाश. दस में से दस." त्याने पुन्हा एकदा कागदाकडे बघितलं, आणि आईला नेपाळीत सांगितलं. शाबाश हा शब्द त्यात होता. म्हातारीने मान डोलावली, जणू तिला ते आधीच माहीत होतं. मग तिने सुनेला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला लावला.

तुमच्या अक्षरात मी शाबास वाचलं ते एवढं एकदाच, आणि तेही खोटं. तुमच्या वतीने खोटं बोलले याची मला खंत नाही. तुम्ही त्या घरी गेला होतात का, तिथली संत्री आम्ही खाल्ली का, ते तिला विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. नाही म्हणाली असती तर? पुढे त्या लोकांना घालवून दिल्याची बातमी आपल्या पेपरात चार ओळींची आली असेल, ती तुम्ही वाचलीत का, वाचून घडी घालून ठेवलीत का, हेही आता कुणाला विचारू? कागद तिच्याकडेच ठेवून आले. त्याच्या दुसऱ्या बाजूला तुमचा एक नकाशा आहे, रंग गेलेला. ती बाजू त्यांनी भिंतीकडे करून तो टांगला आहे.

हे पत्र मी वर्गातल्या जुन्या वर्कशीट्सच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे. सवय, दुसरं काय. पण लिहायच्या आधी प्रत्येक कागद उलटून बघितला, आणि ज्यावर नाव होतं तो बाजूला ठेवला. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाहीच, चिकटवहीत आता पुष्कळ जागा मोकळी झाली आहे, तिथे ठेवून देईन. आत्ता पहिल्यापासून एकदा वाचून काढलं. एवढी पानं तुमच्या नावाने बोटं मोडली, आणि माझ्याही पत्रात एका माणसाचं नाव नाही. त्या मुलाचंसुद्धा नाही. मला ते माहीत आहे, बाबा. त्याच्या आईने मला ते तीनदा सांगितलं होतं.